अडुसष्ट कोऱ्या मतपत्रिका

१

पांढऱ्या मतपत्रिका वीस वाटल्या होत्या, वीस निघाल्या. हिरव्या एकाहत्तर वाटल्या होत्या, एकाहत्तर निघाल्या. इथवर निवडणूक अधिकारी अरुण बोंद्रे यांचा जीव भांड्यात पडलेला होता. मग त्यांनी हिरव्या घड्या उलगडायला घेतल्या. पहिली कोरी. दुसरी कोरी. पाचवीपर्यंत लोक हसत होते, पंधरावीला हसणं थांबलं, आणि शेवटची घडी उलगडली तेव्हा कोऱ्यांचा आकडा अडुसष्टावर गेला होता.

जुलैतला शनिवार, दुपारचे साडेचार. अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या वीस व्हिलांच्या एका कंपाउंडची मीटिंग रूम. बाहेर सत्तेचाळीस डिग्री, आत एसी अठरावर, आणि तरी बोंद्र्यांच्या कपाळावर घाम.

त्या दिवशी एकाच मांडवात दोन लग्नं लावली होती. पांढरं मत रहिवासी समितीचं: दरवर्षीचं, व्हिलामागे एक. हिरवं मत नकाशाचं: गेटजवळच्या कोपऱ्यात जिम आणि वर सावलीचं पार्किंग बांधायचं की कोपरा आहे तसा ठेवायचा. मालकाच्या वतीनं कंपाउंड सांभाळणाऱ्या फहदनं कुणाचीच बाजू घेतली नव्हती. "तुम्ही आपसात ठरवा. शनिवारी सहा वाजता बहुमत काय ते एका कागदावर द्या. सोमवारी अर्ज जाणार, मग खलास." हिरवं मत मात्र कंपाउंडात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाला होतं, बायकांना, म्हाताऱ्यांना, ड्रायव्हरना आणि घरकामाच्या बायकांनाही. हे काहींच्या घशाखाली उतरलं नव्हतं, पण तसं उघड म्हणायची हिंमत कुणी केली नव्हती.

त्या कोपऱ्यात मोहिद्दीनचं किराण्याचं दुकान होतं. बावीस वर्षांचं. दुकान पाडलं की परवाना जाणार, परवान्यामागे व्हिसा जाणार, आणि सत्तावन्नाव्या वर्षी मोहिद्दीन कासरगोडला परत जाणार. तिथे जाऊन काय करणार, असं कुणी विचारलं की तो अंड्यांचा ट्रे सरळ करत म्हणायचा, "फिर क्या, इन्शाल्ला." त्यालाही एक हिरवं मत होतं. आत्ता तो दाराशी उभा होता. कानामागे बॉलपेन, डोळे टेबलावर.

खुणा असलेल्या हिरव्या मतपत्रिका फक्त तीन. दोनांवर 'बांधावे', एकावर 'बांधू नये'.

"नियम अकरा," राजाभाऊ पोंक्षे उठून म्हणाले. अध्यक्षपदाचे उमेदवार, दोन मोठ्या गाड्यांचे धनी आणि पार्किंगच्या एकाच जागेचे. "कोरी ती बाद, उरलेल्यांचं बहुमत. दोनास एक. नकाशा मंजूर. चला."

"अडुसष्ट माणसं कोरा कागद टाकायला उन्हातून चालत आली होय?" मागून आवाज आला.

"अहो, पण बारा ते चार पेटी कुणाच्या गाडीत होती?" दुसऱ्या कोपऱ्यातून तिसराच बोलला. "आणि हिरव्या टेबलावर कुणाची मुलगी बसली होती?"

गाडी बोंद्र्यांची होती. मुलगीही बोंद्र्यांचीच.

२

सुनेत्रा हर्डीकरांना बोलावलं ते त्या हुशार होत्या म्हणून नव्हे. पुढच्या महिन्यात त्यांची अल ऐनला बदली होती. त्यामुळे त्या मतदार यादीत नव्हत्या आणि इथे पार्किंग झालं काय, न झालं काय, त्यांना सारखंच. निःपक्षपाती माणूस हवा म्हटलं की लोक ज्याचं सामान बांधून झालंय त्यालाच शोधतात.

सुनेत्राबाई एका इस्पितळात रेकॉर्ड विभाग सांभाळत. माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या कागदावर त्यांचा जास्त विश्वास. त्यांनी आल्या आल्या कुणाला काही विचारलं नाही. एक कोरी मतपत्रिका उचलली, खिडकीकडे नेली आणि डोळ्यासमोर आडवी धरली.

"अरुणराव, ही कोरी नाहीये."

"अहो ताई, दिसतंय ना!"

"बोट फिरवा." बोंद्र्यांनी फिरवलं. 'बांधू नये'च्या चौकोनात बरोबरची खूण बोटाला लागली. रेघ नव्हती, रेघेची खाच होती. दुसरी मतपत्रिका, तिच्यावरही खाच. तिसरीवरही.

"म्हणजे लोकांनी मत दिलंय," बोंद्र्यांचा आवाज चिरकला, "आणि कुणीतरी पुसलंय?"

"सील तुटलंय?"

"नाही. मीच फोडलं, सगळ्यांसमोर." पेटी म्हणजे चिवड्याचा पारदर्शक डबा होता. पंधरा दिरहमचा, म्हणजे साडेतीनशे रुपयांचा, हे बोंद्र्यांनी त्या अवस्थेतही सांगितलं. झाकणाला फट पाडलेली, चारी बाजूंनी चिकटपट्टी आणि तिच्यावर चौघांच्या सह्या.

"गाडीत कुठे ठेवला होता?"

"डॅशबोर्डवर. येणाऱ्या जाणाऱ्याला दिसावा म्हणून. ताई, सव्वीस वर्षं झाली मला इथे. आजवर कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही."

"तुमची जागा तर सावलीत आहे."

"हो, पण नियमात गेटासमोर म्हटलंय. नियमाप्रमाणे लावली."

सुनेत्राबाई दियाकडे वळल्या. बोंद्र्यांची चोवीस वर्षांची लेक, इथेच वाढलेली, सकाळी हिरव्या टेबलावर बसली होती. "पेनं कुठली होती गं?"

"ब्लॅक वन्स, मावशी. पांढऱ्या टेबलावर ब्लू, माझ्याकडे ब्लॅक. दे वेअर अ बिट स्टिकी. आय थॉट, प्राइस टॅगचा गोंद असेल."

"तू आणलीस?"

"नो! आठ वाजता राजाभाऊ काकांनी पाकीट दिलं."

खोलीतली सगळी तोंडं राजाभाऊंकडे फिरली, आणि राजाभाऊ पहिल्यांदाच खाली बसले.

३

"अगं सुनेत्रा, मी काय चोर दिसतो का?" राजाभाऊंचा चहा आला होता. वाफाळता. तो त्यांनी हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. "मला पार्किंग हवंय, लपवतोय का मी? जांभळ्या शाईची मतपत्रिका आहे ना, ती माझी. मी दुसऱ्याच्या पेनानं सही करत नाही. वडिलांचं फाउंटन पेन आहे."

"मत गुप्त असतं, राजाभाऊ."

"माझं नसतं."

"ते मात्र खरं," बोंद्रे पुटपुटले. सकाळी रांगेत उभं राहून राजाभाऊंनी आपलं मत निदान दहा जणांना सांगितलं होतं.

सुनेत्राबाईंनी हिरव्या टेबलावरचं एक काळं पेन घेतलं. दिसायला साधं. दांड्यावर लेबल सोलल्याचा चिकट पट्टा. पाचही पेनांवर तसाच. त्यांनी एका रद्दी कागदावर मोठ्या अक्षरात 'अल ऐन' लिहिलं आणि तो कागद राजाभाऊंच्या कपाच्या बाहेरच्या बाजूला दाबून धरला.

"अगं, काय करतेस?"

"आणखी थोडा वेळ धरा कप."

कागद काढला तेव्हा त्यावर काहीच नव्हतं. राजाभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तरी काही नव्हतं.

"शाळेतली मुलं वापरतात ती शाई," सुनेत्राबाई म्हणाल्या. "घासलं की पुसते. रबरानं नाही पुसत, घासल्याच्या उष्णतेनं पुसते. आमच्याकडे वॉर्डात ही पेनं आणायला बंदी आहे. एका नर्सनं चार्ट कॉफीच्या थर्मासवर ठेवला होता, तेव्हापासून."

"आणि डॅशबोर्ड..." बोंद्रे खुर्चीत टेकले.

"जुलैत, काचेमागे, बारा ते चार. इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा, गाडीत विसरलेल्या लिपस्टिकचं काय होतं ते. शाईचं काय होईल हे कुणाच्या मनात आलं नाही, एवढंच. पांढऱ्या मतपत्रिका त्याच डब्यात होत्या, त्यांना काही झालं नाही. साधी बॉलपेनं."

म्हणजे कुणाच्या तरी मनात आलं होतं. हे खोलीत सगळ्यांना कळलं.

"राजाभाऊ, पाकीट तुम्हाला कुणी दिलं?"

राजाभाऊंनी आता चहाचा एक मोठा घोट घेतला. माणूस बढाईखोर असला तरी चुगलखोर नव्हता. त्यांना वेळ लागला.

"काल संध्याकाळी. म्हणाला, उद्या सकाळी मला यायला उशीर होईल, तुम्ही टेबलावर ठेवा." ते थांबले. "पण तो असं करणार नाही. अगं, नियम त्यानंच लिहिलेत."

४

नियम तन्मय गुप्त्यांनी लिहिले होते. दोन निवडणुका एका दिवशी घ्यायच्या तर कागदाचे रंग वेगळे हवेत, याद्या वेगळ्या हव्यात, आधी एकूण कागद मोजून मगच मतं मोजायची, हे सगळं त्यांनाच सुचलेलं. मंगळवारच्या सभेत त्यांनी ते वाचून दाखवले, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि कुणी वाचले नाहीत. नियम करणाऱ्याला आपण हात जोडतो ते पुष्कळदा आपल्याला वाचावे लागू नयेत म्हणून.

सुनेत्राबाई वाचत. मंगळवारी ग्रुपवर आलेली प्रत त्यांच्या फोनमध्ये होती. तिच्याशेजारी त्यांनी मीटिंग रूमच्या दारावर चिकटवलेली प्रत काढून ठेवली. दोन्ही पंधरा नियमांच्या, दोन्ही एकाच अक्षरातल्या. दोन कागदांवर दोन बोटं ठेवून त्या ओळीओळीनं खाली आल्या. तीन ठिकाणी बोटं थांबली.

नियम सात. मंगळवारी: 'टेबलावरील पेनाने खूण करावी.' दारावर: 'दोन मतदानांची गल्लत होऊ नये म्हणून हिरव्या टेबलावर वेगळी, काळ्या शाईची पेने ठेवावीत.'

नियम नऊ. मंगळवारी: 'मोजणीपर्यंत पेटी मीटिंग रूममध्ये कुलपात राहील.' दारावर: 'दुपारी रूममध्ये तबल्याचा वर्ग असल्याने पेटी निवडणूक अधिकाऱ्याच्या वाहनात, गेटासमोर, सर्वांना दिसेल अशी राहील.'

नियम अकरा. मंगळवारी: 'निम्म्याहून अधिक हिरव्या पत्रिका बाद ठरल्यास आठवड्याने पुन्हा मत घ्यावे.' दारावर: 'बाद कितीही असोत, वैध पत्रिकांच्या बहुमताने निर्णय त्याच दिवशी.'

एकेक सुटा वाचला तर कुणीही शहाणपणाचा म्हणावा. तिन्ही एकत्र वाचले की त्यातून मोहिद्दीनचं दुकान निघून जात होतं.

घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. "तन्मय कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"दुकानात," दारातून मोहिद्दीन म्हणाला. "पानी लेने गए, मॅडम. बहुत देर से वहीं खडे हैं."

५

तन्मय गुप्ते दुकानात काउंटरपाशी पाण्याची बाटली न उघडता उभे होते. पंचेचाळिशीचा, नीटनेटका, खिशाला तीन बारीक टोकाची पेनं लावणारा माणूस. एका सल्लागार कंपनीत वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे नकाशे तपासले होते. उम्म अल कुवैनच्या गोदामांपासून अबू धाबीच्या शाळांपर्यंत कितीतरी नकाशांवर त्यांचं नाव होतं, पण 'तपासले' या शब्दापुढे. या कोपऱ्याचा नकाशा त्यांनी फहदला फुकट काढून दिला होता. त्यावर पहिल्यांदा 'रेखाटन: तन्मय गुप्ते' असं आलं होतं.

सुनेत्राबाईंनी दोन्ही प्रती काउंटरवर ठेवल्या. मोहिद्दीन त्यांच्या मागोमाग आला होता. त्यांनी त्याला दाराबाहेर थांबायची खूण केली.

"सात, नऊ, अकरा," त्या म्हणाल्या.

तन्मयनी कागदांकडे पाहिलंच नाही. "ताई, सुधारणा करायचा अधिकार सभेनं मलाच दिला होता. रूम खरंच बुक होती."

"जुलैत? तबल्याचे गुरुजी गेल्या महिन्यातच डोंबिवलीला गेले. मुलं सगळी सुट्टीला इंडियात आहेत, वर्ग कुणाचा घेणार?"

"मग चूक झाली असेल."

"एक झाली असती तर मीही चूकच म्हटलं असतं. आणि पेनांची लेबलं?"

"बाजारात मिळतात तशी पेनं, ताई."

"सोललेली मिळत नाहीत."

फ्रीजरची मोटर घरघरत होती.

"एक मत तर पक्कं लागणारच होतं," सुनेत्राबाई म्हणाल्या. "सगळ्याच कोऱ्या निघाल्या असत्या तर बहुमत कशाचं? राजाभाऊंचं पेन ठरलेलं, त्यावर तुम्ही विसंबू शकत होतात. तरी दुसऱ्या 'बांधावे'वरची खूण केसाएवढ्या बारीक टोकाची आहे. ती कुणाची हे मी विचारणार नाही. मत गुप्त असतं."

तन्मयचा हात नकळत खिशाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"एकाहत्तर जणांतले किती जण नकाशा वाचू शकतात, सांगा मला," ते हळू आवाजात पण भडभडून बोलले. "काय बांधायचं हे घरकामवाल्या बायकांनी ठरवायचं? मी सहा महिने रात्रंदिवस बसलोय त्यावर. उन्हाचा कोन काढलाय, वाऱ्याची दिशा काढलीये. आणि हे सगळे 'नको' म्हणणार, का? तर मोहिद्दीन उधार देतो!"

"मोहिद्दीनचं काय होणार होतं, माहीत होतं?"

"नकाशात..." ते अडखळले. "तुटक रेघेनं दाखवलंय. काढून टाकायचं बांधकाम तसंच दाखवतात."

"मी बांधकामाचं विचारलं नाही."

तन्मयनी बाटली काउंटरवर ठेवली. मग म्हणाले, "आता काय? खाचा मोजणार? राजाभाऊ मान्य करणार नाहीत, फहद तर नाहीच. शाई गेली ती गेली."

"गेलेली नाही. दिसेनाशी झालीये." सुनेत्राबाईंनी आइस्क्रीमच्या फ्रीजरच्या झाकणावर बोट ठेवलं. बाजूच्या काट्यावर उणे अठरा होतं. "उष्णतेनं जाते, कडाक्याच्या थंडीत परत येते. त्या नर्सचा चार्ट आम्ही असाच वाचला. मी आत्ता सगळ्यांना इथे बोलावणार आहे. मतपत्रिका आत जातील तेव्हा दोन्ही प्रती कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायच्या आहेत. मी वाचू की तुम्ही?"

बाहेर गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला. मोहिद्दीन दारातून डोकावला. "मॅडम, फहद साहब आ गए."

पाच वाजून दहा मिनिटं. तो पन्नास मिनिटं आधी आला होता.

६

"सात वाजता मला दुबईत असायचंय, हबीबी," फहद म्हणाला. हिंदी त्याला मोहिद्दीनच्या दुकानात लहानपणी येता जाता आलेली. "पेपर दे दो, यल्ला, जल्दी."

"अर्धा तास," बोंद्रे म्हणाले. आज दुपारपासून ते पहिल्यांदाच निवडणूक अधिकाऱ्यासारखे बोलले. "मोजणी पूर्ण झालेली नाही. निकाल मी देणार, आणि पूर्ण झाल्यावरच देणार."

फहदनं त्यांच्याकडे पाहिलं, फ्रीजरभोवती जमलेल्या पन्नास माणसांकडे पाहिलं आणि खोक्यावर बसला.

मोहिद्दीननं आइस्क्रीम उपसून काउंटरवर रचलं. दियानं बेकरीचे ट्रे धुऊन कोरडे केले. अडुसष्ट मतपत्रिका सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजून सुट्या सुट्या मांडल्या आणि आत ठेवल्या. झाकणावर राजाभाऊंनी स्वतः बसायचं ठरवलं. "मी विरुद्ध पार्टी, म्हणून मीच पहारा देणार." त्यांना थंडी वाजली तरी उठले नाहीत.

मग तन्मय गुप्त्यांनी वाचलं. आधी मंगळवारचा सातवा नियम, मग दारावरचा सातवा. मग नऊ. मग अकरा. आवाज सभेत वाचतात तसाच एकसुरी. शेवटी म्हणाले, "बदल मी केले. पेनंही मी आणली. अरुणरावांचा आणि दियाचा यात काही संबंध नाही." दिया काहीतरी बोलणार होती, बोंद्र्यांनी तिचा हात दाबला.

फहदनं शेजारच्याला विचारलं, हे काय वाचत होते. शेजारच्यानं सांगितलं. फहद खोक्यावरून उठून उभा राहिला.

पावणेसहाला राजाभाऊ झाकणावरून उतरले. पहिला ट्रे बाहेर आला. हिरव्या कागदावर राखाडी, मग काळ्या, बरोबरच्या खुणा. कुणी मोठी काढलेली, कुणी भीत भीत. एका कागदावर दोन्ही चौकोनांत, ती बाद. बोंद्रे एकेक उचलून दाखवत होते, राजाभाऊ आकडे लिहीत होते, जांभळ्या शाईनं.

बांधावे, सव्वीस. बांधू नये, चव्वेचाळीस. बाद, एक.

राजाभाऊंनी बेरीज दोनदा केली. एकाहत्तर. "दुकान राहिलं," ते म्हणाले, "आणि माझी दुसरी गाडी उन्हात." मग स्वतःच सही केली. फहदनं कागदाची घडी खिशात घातली, मोहिद्दीनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चाचा, लायसन्स के कागज सोमवार को भेज देना." तन्मयच्या समोरून जाताना तो थांबला. "इंजिनिअर साहब, नकाशा वापस ले जाना. ऑफिस में पडा है."

लोक पांगले. टाळ्या सुरू झाल्या होत्या, पण मोहिद्दीनचा चेहरा पाहून त्या मध्येच विरल्या. तो आइस्क्रीम परत आत रचत होता, मऊ झालेलं बाजूला काढत.

"झालं ना मनासारखं?" सुनेत्राबाईंनी विचारलं. "खूश नहीं हो?"

"खूश हूँ, मॅडम. अल्लाह का शुक्र." त्यानं एक डबा दाबून पाहिला, आत ठेवला. "बाईस साल हो गए. किस घर में कौन सा दूध, किसके बाप को बिना शक्कर का बिस्किट, सब मालूम है. एक राजाभाऊ साहब का सबको मालूम है. एक..." त्यानं दाराबाहेर पाठमोऱ्या चाललेल्या तन्मयकडे पाहिलं. "वो भी समझ गया. बाकी चौबीस कौन हैं?"

"ते कुणालाच कळणार नाही, मोहिद्दीनभाई. मलाही नाही."

त्यानं मान हलवली. पटल्यासारखी, की नाही, ते सांगता येत नव्हतं. तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. त्यानं उचलला, ऐकलं, "जी, जी," म्हणाला. दोन लिटर दूध, एक ब्राउन ब्रेड, धणे-जिरे पावडर. पिशवी भरून तो दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर थांबून समोरच्या वीस दारांकडे बघत राहिला. पूर्वी तो कधी बघत नसे. मग पिशवी या हातातून त्या हातात घेऊन उन्हात उतरला, कारण दूध तापत होतं.